हिमरस्त्यावरील मोटरहोमची ऊब : कॅल्गरी ते केलोना प्रवासाचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी शहरात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने एक जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेले वाहन, विकत घेतले होते. फोर्ड ई-४५० या चासीवर, म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावर, बांधलेले, पेट्रोल इंजिनाचे, सुमारे साडेसात मीटर लांबीचे आणि चालकाच्या केबिनवर झोपण्याचा माळा असलेले हे वाहन उन्हाळ्यात उत्तम चालले होते. नाताळच्या सुट्टीत शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील केलोना येथे नातेवाइकांकडे जायचे ठरले, तेव्हा साताऱ्याहून आलेल्या आजींना अधूनमधून आडवे पडता यावे आणि स्वच्छतागृह हाताशी असावे, या विचाराने मोटारीऐवजी मोटरहोम नेण्याचे ठरले. प्रवासी पाच होते : पती, पत्नी, चार व सात वर्षांची दोन मुले आणि आजी. मुलांच्या सुरक्षा-आसनांची जागा मागच्या भागात जेवणाच्या टेबलाशी असलेल्या पुढे तोंड करणाऱ्या बाकावर होती आणि आजी समोरच्या बाकावर पट्टा लावून बसत.

हा मार्ग साधारण सहाशे किलोमीटरचा आहे. ट्रान्स-कॅनडा महामार्गाने बॅन्फ व लेक लुईस ओलांडून किकिंग हॉर्स खिंडीतून गोल्डनला उतरायचे, तिथून १३३० मीटर उंचीची रॉजर्स खिंड पार करून रेव्हलस्टोक गाठायचे आणि पुढे ओकनागन खोऱ्यात दक्षिणेकडे वळायचे. ओकनागनचा हिवाळा कॅनडाच्या मानाने सौम्य असतो. तिथपर्यंत पोहोचण्याआधीचा डोंगराळ पट्टा मात्र तसा नाही. गोल्डन ते रेव्हलस्टोक या सुमारे दीडशे किलोमीटरमध्ये वस्ती जवळजवळ नाही, आणि हिमप्रपाताचा धोका वाटल्यास रॉजर्स खिंडीत वाहतूक थांबवून वरच्या उतारांवरील बर्फ तोफांच्या माऱ्याने मुद्दाम खाली पाडला जातो. अशा वेळी वाहनांना रांगेत तासन् तास थांबावे लागू शकते. त्यामुळे या रस्त्यावर वाहनातील ऊब हा केवळ सुखसोयीचा प्रश्न राहत नाही.

पहिल्या प्रवासातील नोंदी

कुटुंबातील गृहस्थांना मोजमापाची सवय असल्याने त्यांनी वाहनात पाच ठिकाणी साधे डिजिटल तापमापक ठेवले होते. या नोंदींमुळेच प्रकरणाचा नीट अभ्यास करता आला, अन्यथा "मागे फार गार वाटते" यापलीकडे काही हाती लागले नसते.

निघताना बाहेर उणे २४ अंश सेल्सियस होते. मोटरहोम कित्येक दिवस अंगणात उघड्यावर उभे होते आणि आतले तापमान बाहेरच्याजवळच आलेले होते. डॅशबोर्डमधील हीटर पूर्ण वेगाने लावून तासभर गाडी चालवल्यानंतर चालकाच्या तोंडाच्या पातळीला १९ अंश, वरच्या माळ्यात १६ अंश, जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर २ अंश, त्याच टेबलाखाली जमिनीवर उणे ६ आणि मागच्या पलंगावर उणे ११ अंश होते. चालकाने जाकीट काढून ठेवले होते, आणि आजींची पावले लोकरी मोज्यांतही बधिर झाली होती. गोल्डनला पोहोचेपर्यंत, म्हणजे हिवाळी वेगाने चार तासांहून अधिक काळाने, टेबलाशी ८ अंश आणि जमिनीवर १ अंश झाले. तोवर बाहेरचे तापमानही उणे १५ पर्यंत चढले होते, त्यामुळे या सुधारणेचे श्रेय हीटरला पूर्णपणे देता येत नाही.

त्या रात्री कुटुंब गोल्डनला थांबले. मोटरहोममधील प्रोपेनवर चालणारी भट्टी, जिला तिकडे फर्नेस म्हणतात, रात्रभर चालू होती आणि सकाळी आत सगळीकडे २० अंशांच्या आसपास ऊब होती. फर्नेस बंद करून, बाहेर उणे १६ अंश असताना, पुढचा प्रवास सुरू झाला. तासाभराने टेबलाशी १४ अंश व जमिनीवर ६ अंश होते आणि आकडे तिथेच स्थिरावले. वाहन तेच, हीटर तोच, बाहेरची थंडीही गोल्डनच्या आगमनाच्या वेळेइतकीच; तरी टेबलाशी सहा अंशांचा फरक पडला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत बोलकी नोंद हीच आहे.

आणखी एक निरीक्षण पत्नीने नोंदवले होते. खिंडीचा चढ लागला की पायाशी येणारा गरम वारा थांबे आणि सगळी हवा समोरच्या काचेवर जाऊ लागे. चढ संपला की तो पुन्हा पायाशी येई. गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले होते की हीटर कमजोर आहे आणि मोठा बसवावा. तो सल्ला मानण्याआधी त्यांनी मला वाहन पाहण्यास बोलावले.

उष्णता कुठे जाते

मोटरहोमच्या मागच्या भागाचे आकारमान ३० घनमीटरच्या आसपास आणि भिंती, छत व जमीन मिळून क्षेत्रफळ ६५ चौरस मीटर धरले, भिंतींतील तीन-चार सेंटीमीटर फोम आणि एकेरी काचांच्या खिडक्या लक्षात घेतल्या, तर आतबाहेरच्या तापमानात प्रत्येक अंशाच्या फरकामागे ८५ ते ९० वॅट उष्णता पृष्ठभागांतून बाहेर जाते, असा माझा हिशेब आला. बाहेर उणे २० आणि आत १८ हवे असतील तर ही गळती सुमारे ३.३ किलोवॅट होते. हा आकडा मोठा वाटला तरी अशा वाहनाच्या हीटरच्या आवाक्याबाहेरचा नाही. याचा अर्थ पृष्ठभागांतून होणारी गळती हे एकटे कारण असू शकत नाही.

दुसरा वाटा हवेचा आहे, आणि धावत्या वाहनात तो उभ्या वाहनापेक्षा कितीतरी मोठा होतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना वाहनाच्या दर्शनी बाजूवर हवेचा दाब वाढतो, तर छतावर, बाजूंच्या भिंतींवर आणि मागे तो कमी होतो. छतावरच्या झरोक्यांतून ऊबदार हवा खेचली जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी दारातील पायरीच्या खोबणीतून, केबिनच्या दारांच्या झिजलेल्या रबरांतून, सिंकखाली पाइप जाण्यासाठी पाडलेल्या भोकांतून थंड हवा आत येते. तासाला आतली सगळी हवा दहा वेळा बदलली गेली तर ३८ अंशांच्या फरकाला तेवढी हवा तापवण्यास चार किलोवॅटहून अधिक लागतात, म्हणजे भिंती व काचा मिळून घालवतात त्याहून जास्त. शिवाय ही थंड हवा खालून शिरते आणि जड असल्याने जमिनीवरच पसरते. आजींचे पाय का गोठत होते, हे यावरून समजते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो थंड प्रदेशात राहणाऱ्यांतही आढळतो. वाऱ्यामुळे भिंत किंवा पाण्याची टाकी बाहेरच्या हवेपेक्षा जास्त थंड होत नाही. हवामानखाते सांगते तो वाऱ्याचा गारवा उघड्या कातडीला लागू असतो. वाऱ्याने इतकेच होते की वस्तू बाहेरच्या तापमानाला लवकर पोहोचते. एकेरी काचेच्या बाबतीत हा परिणाम लक्षणीय असतो, फोमच्या भिंतीत तो किरकोळ असतो.

तिसरे कारण पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या नोंदींच्या तुलनेतून उघड झाले. मोटरहोमच्या आत प्लायवूड, कपाटे, गाद्या, सिंक, फ्रिज आणि सामान मिळून हजार किलोच्या आसपास वस्तुमान असते. हे सगळे उणे २० वरून अधिक १८ वर आणायला माझ्या हिशेबाने पंधरा ते वीस युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असते तेच. गळती भरून काढल्यावर हीटरकडे दोन-तीन किलोवॅट शिल्लक राहत असतील, तर नुसते फर्निचर ऊबदार व्हायला सहा-सात तास जातील, आणि तेवढ्यात प्रवासच संपेल. आतपर्यंत गारठलेले वाहन घेऊन निघणे ही पहिल्या दिवसाची मुख्य अडचण होती, आणि मोठ्या हीटरने ती काही अंशीच सुटली असती.

चौथी बाब हवेच्या दिशेची. डॅशबोर्डमधील हीटर केबिन तापवण्यासाठी आणि काच स्वच्छ ठेवण्यासाठी बनवलेला असतो. मागे तीस घनमीटरची खोली जोडली जाईल, हे तो बनवणाऱ्याच्या विचारात नसते. इथे तर गरम हवा वर चढून माळ्यात साठत होती. माळ्यावर कोणी बसत नव्हते, तरी वाहनातील दुसऱ्या क्रमांकाची ऊब त्याच्याच वाट्याला येत होती. हवा आतल्या आत फिरवण्याचा पर्याय निवडावा, तर पाच माणसांच्या श्वासातली बाष्पे समोरच्या काचेवर बर्फ होऊन बसतात, कारण कडक थंडीत वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर चालत नाही आणि हवा कोरडी करण्याचा तो मार्ग बंद असतो. त्यामुळे बाहेरची ताजी हवा घेणे भाग पडते, आणि ताशी अडीचशे घनमीटर अशी हवा तापवायलाच साडेतीन किलोवॅट खर्ची पडतात. ती ऊब टेबलापर्यंत पोहोचावी आणि मगच बाहेर पडावी, अशी वाट तिला करून द्यायला हवी होती.

तपासणी

गळती शोधायला उदबत्तीइतके सोपे साधन नाही. उभ्या वाहनात प्रोपेनची मुख्य तोटी बंद करून, इंजिन बाहेर मोकळ्या जागेत चालू ठेवून आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक चालतो आहे याची खात्री करून, हीटरचा पंखा ताज्या हवेवर पूर्ण वेगाने लावला की आत किंचित दाब तयार होतो आणि उदबत्तीचा धूर ज्या फटीकडे ओढला जातो ती फट सापडते. दाराच्या पायरीचा वरचा कोपरा, सिंकखालची तीन भोके, माळ्याच्या पुढच्या खिडकीची चौकट, स्वयंपाकाच्या धुराड्याची न मिटणारी झडप आणि छतावरचे दोन्ही झरोके अशी ठिकाणे निघाली. चालक व प्रवासी यांच्या आसनांमध्ये इंजिनावर जे झाकण असते, त्याच्या रबराचा एक कोपराही दबलेला होता. ही शेवटची फट उबेपेक्षा सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक गंभीर होती, कारण तिच्या पलीकडे इंजिन असते आणि तिथला वायू केबिनमध्ये येऊ देता कामा नये.

इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडमीट होणारी झडप, उघडा अडकलेला असेल तर कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारे व हीटरला ऊब पुरवणारे द्रव, कधीच पुरेसे तापत नाही आणि हीटर बिचारा बदनाम होतो, म्हणून तेही पाहिले. निदान-यंत्रावर कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपास स्थिर राहत होते, म्हणजे त्यात दोष नव्हता.

चढावर पायाशी येणारा वारा थांबण्याचे कारण वेगळेच होते आणि या जातीच्या गाड्यांत ते अनेकदा आढळते. डॅशबोर्डच्या आत हवेला दिशा देणारी दारे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढताना तयार होणाऱ्या कमी दाबावर, हलतात. व्हॅक्यूम नाहीसे झाले तर दारे आपोआप काचेकडे वळतात, ज्यामुळे काहीही बिघडले तरी चालकाला समोरचे दिसत राहते. ही रचना योग्यच आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातील व्हॅक्यूम घटते, आणि तेवढा वेळ दारे धरून ठेवण्यासाठी एक छोटी साठवण-डबी व एकमार्गी झडप दिलेली असते. इथे बॅटरीजवळची रबरी नळी थंडीने तडकली होती, त्यामुळे डबी रिकामी राहत होती. नळी आणि झडप बदलण्याचा खर्च नगण्य होता. मोठा हीटर बसवला असता तरी त्याची हवा प्रत्येक चढावर काचेकडेच गेली असती.

पर्यायांचा विचार

सर्वांत सोपा दिसणारा पर्याय म्हणजे चालत्या वाहनात फर्नेस चालू ठेवणे. या वाहनातील फर्नेस ८.८ किलोवॅट इंधनशक्तीची आहे, तिची उपयुक्त उष्णता सात किलोवॅटच्या आसपास येते आणि पूर्ण वेळ जळाली तर ती तासाला सुमारे ६३० ग्रॅम प्रोपेन खाते. उत्तर अमेरिकेत कित्येक लोक असा प्रवास करतात. मला तो या कुटुंबासाठी मान्य नव्हता, आणि त्याची कारणे स्पष्ट मांडतो. प्रोपेनच्या टाकीत असलेली अतिप्रवाह-रोधक झडप नळी पूर्ण तुटली तर वायू अडवते, पण अर्धवट चेपलेल्या किंवा थोड्या सैल झालेल्या नळीतली गळती तिला जाणवतेच असे नाही. बर्फाळ घाटात अपघाताची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. शिवाय पेट्रोलपंपावर ज्योत विझवण्याचे प्रत्येक वेळी आठवणीने करावे लागते, आणि थकलेला माणूस नेमके तेच विसरतो.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर वाहनाच्या रचनेतच दिलेले आहे. तिथल्या आधुनिक मोटरहोममध्ये वाहन चालू असताना वायूची भट्टी वापरायची असेल तर धडक जाणवताच वायू तोडणारा नियंत्रक आणि नळी फाटल्यास प्रवाह थांबवणारी झडप बसवतात. ट्रुमा कंपनीचे असे नियंत्रक सर्रास दिसतात. डिझेल वाहनांत एबरश्पेशर किंवा वेबास्टो यांचे टाकीतलेच डिझेल जाळणारे हीटर हा दुसरा रुळलेला मार्ग आहे. हे कुटुंब जर तशा वाहनातून जात असते, तर माझा सल्ला वेगळा असता.

जनरेटर लावून त्यावर दीड किलोवॅटचा विजेचा हीटर चालवावा, असेही सुचवले गेले होते. तो दीड किलोवॅट या वाहनाच्या गरजेच्या चौथ्या भागाहूनही कमी भरतो, आणि त्यासाठी आणखी एका इंजिनाचा धूर प्रवाशांच्या आसनांखाली सोडावा लागतो. धुराड्याविना जळणारे छोटे वायू-हीटर मी विचारातही घेतले नाहीत. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ आणि प्राणवायू कमी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद वाहनात, झोपलेल्या मुलांजवळ, अशा वस्तूला जागा नाही.

खरे तर ऊब आधीच तयार होत होती. असे वाहन हिवाळ्यात शंभर किलोमीटरला २५ लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, म्हणजे ताशी ९० च्या वेगाला तासाला २२ लिटर. एका लिटरमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते. तेव्हा इंजिनात सुमारे २०० किलोवॅट उष्णता मोकळी होते आणि तिच्यातली पाव हिश्शाच्या आसपास, म्हणजे ५० किलोवॅट, कूलंटमध्ये उतरून रेडिएटरवाटे हवेत फेकली जाते. आपल्याला मागच्या भागासाठी त्यातले पाच-सहा हवे आहेत. जे फुकट फेकले जात आहे ते आत वळवायचे, की आणखी इंधन जाळायचे, एवढाच निर्णय उरतो आणि तो अवघड नाही.

केलेले काम

काम या क्रमाने झाले : आधी फटी, मग जागा लहान करणे, मग हीटर. हा क्रम महत्त्वाचा होता. फटी तशाच ठेवून बसवलेला हीटर बाहेरचा रस्ता तापवतो.

दारांना बंद पेशींच्या फोमची पट्टी, इंजिनाच्या झाकणाला नवे रबर, सिंकखालच्या भोकांना उंदीर-रोधक जाळी व फोम, धुराड्याच्या झडपेला नवी स्प्रिंग आणि छतावरच्या झरोक्यांत घट्ट बसणाऱ्या जाड फोमच्या चौकोनी उश्या असे बंदोबस्त झाले. फर्नेस आणि फ्रिज यांच्या बाहेरच्या जाळ्या मात्र हात न लावता तशाच ठेवल्या, कारण त्या बुजवल्या तर ती उपकरणे गुदमरतात आणि धूर आत येतो. उत्साहाच्या भरात सगळ्याच जाळ्या बंद करणारी माणसे असतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

पडद्याबाबत थोडा वाद झाला. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पडदा लावावा, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि दोनच प्रवासी पुढे बसत असतील तर तो उत्तम आहे. इथे तीन माणसे पडद्याच्या चुकीच्या बाजूला बसली असती. म्हणून पडदा माळ्याच्या तोंडाशी लावून माळा बंद केला, आणि दुसरा टेबलाच्या मागे लावून झोपण्याचा भाग व स्वच्छतागृह वेगळे केले. तापवायची जागा जवळपास निम्मी झाली. मागचा पडदा आजींनी स्वतः शिवलेल्या गोधडीचा आहे, आणि बाजारातल्या कोणत्याही चकाकत्या पडद्यापेक्षा तो नीट खाली टेकतो.

स्वच्छतागृह थंडीत सोडण्याचा अर्थ तिथले पाणी गोठणार. हा तोटा समजून-उमजून स्वीकारला. टाक्या व नळ्या पूर्ण रिकाम्या केल्या, मोऱ्यांच्या वळणांत आणि शौचकुपात गुलाबी रंगाचे बिनविषारी प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतले, आणि प्रवासात पिण्याचे पाणी कॅनमध्ये व शौचकुपासाठी तेच ग्लायकॉल वापरायचे ठरले. फर्नेसची गरम हवेची नळी टाक्यांजवळून जाते. वाहन चालताना फर्नेस बंद ठेवायची असेल तर टाक्यांत पाणी ठेवणे परवडत नाही.

इंजिनाच्या कूलंटवर चालणारा, सुमारे आठ किलोवॅट क्षमतेचा, १२ व्होल्टच्या पंख्याचा हीटर टेबलाच्या बाकाखाली बसवला. डॅशबोर्डच्या हीटरला जाणाऱ्या दोन नळ्यांना टी-जोड देऊन चासीखालून मागे नळ्या नेल्या, त्यांवर फोमचे आवरण चढवले, सायलेन्सरपासून त्या दूर ठेवल्या आणि उन्हाळ्यात बंद करता याव्यात म्हणून दोन तोट्या दिल्या. लांब नळीत प्रवाह मंदावू नये म्हणून एक छोटा विजेचा पंप जोडला. नळ्या वाढल्याने कूलंटचे एकूण प्रमाण वाढते. ती भर नुसत्या पाण्याने केली तर मिश्रण पातळ होऊन गोठण्याची भीती असते. निम्मे एथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते; अल्बर्टातल्या थंडीचा विचार करून इथे ते साठ टक्क्यांवर नेले, ज्याची मर्यादा उणे ५० च्याही खाली जाते. हीटरच्या हवेचे तोंड जमिनीलगत, आजींच्या पायांकडे ठेवले.

निघण्याआधीची तयारीही बदलली. आता फर्नेस आदल्या रात्रीच लावली जाते आणि वाहनाचा ब्लॉक-हीटर, म्हणजे उभे इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर, घरच्या विजेला जोडला जातो, त्यामुळे सकाळी इंजिन पहिल्या काही मिनिटांतच उष्णता देऊ लागते. नुसत्या दीड किलोवॅटच्या विजेच्या हीटरवर ही पूर्वतयारी भागत नाही. आमच्या हिशेबाने तो आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-सोळा अंशच वर ठेवू शकतो, म्हणजे उणे २० च्या रात्री आत उणे ४ किंवा ५. फर्नेस सहा-सात तास चालली की लाकूड, गाद्या, कपाटे सगळी आतून ऊबदार होतात. निघताना टाकीची मुख्य तोटी बंद करायची, हा नेम गृहस्थांनी चालकाच्या आसनावर बसण्याआधीच्या कामांत घातला आहे.

मुलांच्या कपड्यांचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. गार वाहनात आई-वडील साहजिकच मुलांना फुगीर जाकीट घालून सुरक्षा-आसनात बसवतात. धडकेत ते जाकीट क्षणात चेपते आणि घट्ट वाटलेला पट्टा प्रत्यक्षात सैल निघतो. त्यामुळे पट्टा अंगालगतच्या पातळ लोकरी कपड्यांवर आवळायचा आणि पांघरूण पट्ट्याच्या वरून टाकायचे. मागचा भाग आधीपासून ऊबदार असेल तरच हे शक्य होते. जिथे श्वासाची वाफ दिसते तिथे चार वर्षांचे मूल जाकीट काढू देत नाही, आणि त्याचे चुकतही नाही.

दुसरा प्रवास

फेब्रुवारीत त्याच मार्गाने पुन्हा जाणे झाले. निघताना बाहेर उणे १९ अंश होते. तासाभरानंतर केबिनमध्ये २० अंश, टेबलाशी छातीच्या उंचीवर १८, जमिनीवर १३ आणि पडद्यामागच्या पलंगावर ३ अंश होते. किकिंग हॉर्सच्या चढावर पायाशी येणारा वारा थांबला नाही. गोल्डनपर्यंत टेबलाशी एका अंशापलीकडे फरक पडला नाही. फर्नेस प्रवासात बंद होती; दुपारच्या मुक्कामी इंजिन बंद करून तीच लावली गेली. लांब उतारावर मागच्या हीटरची हवा थोडी कोमट होते, कारण उतारावर इंजिन जवळजवळ इंधन जाळत नाही, पण तोवर आतल्या वस्तू तापलेल्या असल्याने आकड्यांत ते उतरले नाही.

रॉजर्स खिंडीपाशी या वेळी वाट बंद होती आणि त्यांना रांगेत थांबावे लागले. तासाभराहून अधिक थांबायचे झाल्यास इंजिन निष्क्रिय चालू ठेवण्यापेक्षा फर्नेस बरी, असे आमचे आधीच ठरले होते. तिचे ज्वलन बंद पेटीत होते आणि धूर बाजूच्या भिंतीतून थेट बाहेर जातो. मात्र उतरून ते तोंड बर्फाने बुजलेले नाही हे पाहावे लागते. इंजिन चालू ठेवायचेच असेल तर मागच्या सायलेन्सरची नळीही मोकळी करावी. दमट वाटले म्हणून मागची खिडकी उघडणे हे चालत्या वाहनात विशेष घातक आहे, कारण वाहनाच्या मागे कमी दाबाचा पट्टा असतो आणि तिथला धूर त्या खिडकीतून आत ओढला जातो. हवा हवीच असेल तर पुढच्या दाराची काच बोटभर खाली करावी. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपण्याच्या उंचीवर आणि प्रोपेनचा सूचक जमिनीलगत असावा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो.

अजून न सुटलेले

टेबलाशेजारची मोठी एकेरी खिडकी ही आता मागच्या भागातली सर्वांत थंड जागा आहे. तिच्यावर श्वासाची वाफ गोठते, दुपारी वितळून बाकाच्या गादीत मुरते आणि आजींच्या त्या बाजूच्या खांद्याला गारवा जाणवतो. आतून चुंबकी पट्टीने बसणारा ॲक्रिलिकचा दुसरा पत्रा लावून मध्ये हवेचा थर तयार करण्याचे ठरले आहे. बाहेर पाहता येणार नाही असा फोम लावणे आजींनी साफ नाकारले, कारण त्यांना डोंगर पाहायचे असतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पलंगाकडचा भाग वापरायचा झाल्यास तिथवर कूलंटची दुसरी शाखा न्यावी लागेल. तिची गरज पडेल असे मला सध्या वाटत नाही, कारण चालत्या वाहनात पलंगावर झोपू नये आणि पट्ट्याच्या आसनावरच बसावे, हा नियम या कुटुंबात आता पक्का झाला आहे. आजींना आडवे व्हायचे असेल तेव्हा गाडी थांबवून फर्नेस लावली जाते.